रस्त्याकडेचा उन्हाळा: फुले आणि किडे पाहायला शिकण्याची रीत

पावसाळा सरता सरता रानफुले पाहायला माणसांच्या झुंडी निघतात. फेब्रुवारी संपत आला की त्याच माणसांना रस्त्याच्या कडा ओसाड वाटू लागतात. गवत पिवळे पडलेले, पाने धुळीने माखलेली, ओढे आटत चाललेले. पण ज्याला फुलांची आणि किड्यांची नव्याने ओळख करून घ्यायची आहे त्याने हाच काळ धरावा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत फुललेली झुडपे मोजकी असतात, त्यामुळे ओळखायला सोपी जातात. शिवाय मधासाठी आणि परागांसाठी भटकणाऱ्या साऱ्या किड्यांना त्याच मोजक्या झुडपांवर यावे लागते. पावसाळ्यात रानभर पांगलेली वर्दळ आता थोड्याच जागी गोळा झालेली असते.

पहिल्याच दिवशी कॅमेरा घेऊन फुलपाखरामागे धावणारा माणूस तासाभरात दमतो आणि पंखांचे धूसर फोटो घेऊन परततो. झाडापासून सुरुवात करणाऱ्याचे तसे होत नाही. झाड जागचे हलत नाही. त्याची ओळख पक्की झाली की त्यावर कोण येणार, कोणत्या वेळी येणार आणि पानाच्या कुठल्या बाजूला अंडी शोधायची हे कळू लागते. पुढची सगळी रीत याच एका गोष्टीवर उभी आहे: झाड आधी, किडा मागून.

रस्ता कसा निवडावा

फार लांबचा रस्ता नको. अर्ध्या किलोमीटरचा तुकडा पुष्कळ झाला, पण तो पुन्हा पुन्हा जाता येईल इतका जवळ हवा. वाहने कमी, कडेला नांगर न लागलेली पट्टी, आणि शक्य असेल तर एखादा दगडी बांध, काटेरी कुंपण, छोटी मोरी किंवा जुने झाड. जितके असे कोपरे जास्त, तितकी राहणाऱ्यांची विविधता जास्त.

रस्त्याच्या कडेलाच इतके का उगवते, याला कारणे आहेत. डांबरावर पडलेले पाणी कडेला उतरते, म्हणून तिथली माती शेजारच्या माळापेक्षा थोडी जास्त दिवस ओलावा धरते. वर झाडांचे छत नसल्याने ऊन भरपूर मिळते. नांगरट होत नाही. आणि चाकांना, खुरांना, चपलांना चिकटून बिया सतत येत राहतात. त्यामुळे कडेच्या फुलांत परदेशी पाहुणेही बरेच असतात. घाणेरी, एकदांडी, पिवळा धोतरा ही तिन्ही मुळात अमेरिका खंडातली. काही अभ्यासकांना अशा झाडांकडे पाहणेही नकोसे वाटते. नवशिक्याने हा सोवळेपणा सध्या बाजूला ठेवावा. किडे झाडाचे मूळ गाव विचारत नाहीत.

नुकताच वणवा लागून गेलेला किंवा तणनाशक मारलेला पट्टा टाळा. रस्ता उत्तर-दक्षिण जात असेल आणि दोन्ही बाजूंना उंच झाडी असेल तर सकाळचे ऊन आधी पश्चिमेकडच्या कडेवर पडते. सुरुवात त्या बाजूने करा, कारण किडे तिथेच आधी जागे होतात.

वेळ

सकाळी साडेसात ते साडेदहा ही सर्वांत चांगली वेळ. किड्यांना अंगची ऊब बाहेरून घ्यावी लागते, म्हणून ऊन पडल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास फुलपाखरे पंख पसरून पानांवर बसून असतात. त्या वेळी ती फारशी बुजत नाहीत. जवळ जायचे, नीट पाहायचे, फोटो घ्यायचा, सगळे याच वेळात. ऊन चढले की तीच फुलपाखरे हाती लागत नाहीत, आणि दुपारी तर बरीचशी सावलीत, पानांच्या खाली जाऊन बसतात. तेव्हा तुम्हीही सावलीत बसा.

दुसरी वेळ साडेचारपासून अंधार पडेपर्यंत. दिवस मावळताना धोतऱ्याची लांब पांढरी फुले उमलू लागतात, करवंदीच्या जाळीचा वास गडद होतो आणि पतंगांची ये-जा सुरू होते. याच सुमाराला वाळक्या काड्यांवर लक्ष ठेवा. मधमाशीच्या नात्यातल्या निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर जबड्याने काडी घट्ट धरून, पाय सोडून, ओळीने झोपतात. रोज बहुधा त्याच काड्यांवर. एकदा काडी सापडली की पुढचे काही आठवडे हा कार्यक्रम ठरलेला.

वारा जोरात असेल त्या दिवशी फार अपेक्षा ठेवू नका. उडणारे सगळे खाली गवतात दबून बसतात. जमिनीवरचे पाहायला मात्र तो दिवस वाईट नाही.

बरोबर काय घ्यावे

वही, पेन्सिल, पाणी, टोपी, पायांत बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा फिक्या मातकट रंगाचा शर्ट. अत्तर किंवा सुगंधी तेल लावून जाऊ नका. मधमाश्या जवळ असताना ते महागात पडू शकते. या सगळ्याहून उपयोगी वस्तू म्हणजे दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग. ते वापरायची रीत बहुतेकांना कोणी सांगत नाही: भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि मग फूल भिंगाकडे आणायचे, किंवा डोके फुलाकडे न्यायचे. भिंग लांब धरून वाकून पाहिले तर काहीच दिसत नाही आणि माणूस भिंगाला दोष देतो. भिंग नसेल आणि दुर्बीण असेल तर ती उलटी धरा. मोठी काच डोळ्याकडे, छोटी काच वस्तूच्या अगदी जवळ. काम भागते.

जाळी नको. पकडलेल्या फुलपाखराच्या पंखांवरचे खवले बोटांना लागून झडतात, आणि पकडण्यातून शिकायला मिळते त्याहून जास्त नुसते बसून पाहण्यातून मिळते.

आधी धोके समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका.

चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चाला. वाहने डावीकडून चालत असतील तर तुम्ही उजव्या कडेने. फुलावर वाकलेला माणूस मागून येणाऱ्या मोटारसायकलला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. वळणावर कधीच खाली बसू नका.

खाजकुयली ओळखायला शिका. या दिवसांत तिच्या वाकड्या, मखमली, सोनेरी-तपकिरी शेंगा वाळून कुंपणावर लटकलेल्या असतात. त्यांवरची लव वाऱ्यानेही सुटते आणि अंगावर पडली की जीव नकोसा होतो. पडलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला, मग साबण-पाण्याने धुवा, कपडे बदला.

रुईचे पान किंवा फूल तोडले तर पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते आणि सुरुवातीला दुखत नसल्याने माणूस दुर्लक्ष करतो. रुईला हात लावला की हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही. पिवळा धोतरा आणि साधा धोतरा या दोन्हींच्या बिया विषारी आहेत. मुले बरोबर असतील तर हे आधीच सांगून ठेवा.

मोठ्या झाडाच्या फांदीखाली किंवा पुलाच्या पोटाला आग्या मधमाशीचे लोंबते पोळे असेल तर त्या तुकड्यात थांबू नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून पळा आणि बंद गाडीत किंवा घरात शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. बरेच डंख झाले असतील किंवा श्वास लागत असेल तर थेट दवाखाना.

दगड उलथे करायचे असतील तर पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खाली विंचू-साप असला तर दगड मध्ये राहतो. आणि दगड पुन्हा होता तसा ठेवा.

पहिले झाड: रुई

एकाच झाडावर महिनाभर काढायचा म्हटला तर मी रुई सुचवेन. ती सगळीकडे असते, भर उन्हाळ्यात हिरवी राहते, फुलत राहते आणि तिच्यावर एक अख्खा संसार चालतो. दोन जाती कडेला भेटतात. एकीच्या पाकळ्या पसरून मागे वळलेल्या असतात, दुसरीच्या उभ्या राहतात आणि टोकांना गडद जांभळा रंग असतो. हा फरक आधी पाहून घ्या.

आता फुलावर भिंग धरा. मधोमध मुकुटासारखा उठाव आणि त्याच्या पाच बाजूंना उभ्या फटी दिसतील. रुईचे पराग सुटी पूड नसतात. ते मेणचट थैल्यांत, दोन-दोनच्या जोडीने बांधलेले असतात. मोठा काळा सुतारभुंगा मधासाठी फुलावर चढतो तेव्हा त्याचा पाय फटीत सरकतो आणि बाहेर काढताना ती जोडी पायाला अडकून येते. ताकद असलेल्यालाच हे जमते. लहानशा माशीचा पाय अडकला तर तो सुटत नाही, आणि कधी कधी फुलावर अशी मेलेली माशी लोंबताना दिसते. रुईवर गुणगुणत येणारा भुंगा म्हणूनच तिला इतका मोलाचा.

मग पाने उलटी करा, तोडू नका. कोवळ्या पानाच्या मागे एकएकटे ठेवलेले, टाचणीच्या डोक्याहून लहान, दुधी रंगाचे अंडे शोधायचे. ते बहुधा प्लेन टायगर या फुलपाखराचे असते. मराठीत त्याला बिबळ्या कडवा म्हणतात. अळी काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. ती इतकी ठळक असूनही पक्षी तिला सहसा शिवत नाहीत, कारण रुईच्या चिकातले विष ती अंगात साठवते आणि ते विष पुढे फुलपाखरातही उतरते. म्हणूनच हे फुलपाखरू इतके निवांत, हळू उडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास या उष्णतेत साधारण तीन-चार आठवड्यांत पुरा होतो, म्हणजे दर चार दिवसांनी गेलात तरी सगळ्या अवस्था पाहायला मिळतील.

याच फुलपाखराची नक्कल करणारी एक मादी आहे, डॅनाइड एगफ्लाय नावाची. तिच्यात विष नाही. वेश मात्र हुबेहूब घेतलेला. फरक मागच्या पंखात: खऱ्या प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, नकलीत वरच्या कडेला एकच. कोवळ्या उन्हात पंख उघडून बसलेले फुलपाखरू दिसले की ठिपके मोजायची सवय लावा.

रुईच्या शेंड्यावर पिवळाधमक मावा असतो. पाय आणि मागच्या दोन नळ्या काळ्या. या माव्यात नराचे काम पडत नाही. माद्याच थेट पिल्ले घालतात, म्हणून आठवड्याभरात शेंडा भरून जातो. त्यांच्यामध्ये शोधायचे ते असे: मावा खाणारे ढालकिडे आणि त्यांच्या काटेरी करड्या अळ्या, बिनपायांच्या, लिबलिबीत, चपट्या अळ्या, ज्या पुढे हॉवरफ्लाय नावाच्या माश्या होतात, गोड स्राव चाटणाऱ्या मुंग्या, आणि मध्येच एखादा फुगलेला, कागदासारखा तपकिरी, न हलणारा मावा. तो मेलेला आहे. त्याच्या पोटात एक बारीक गांधीलमाशी वाढते आहे किंवा वाढून निघून गेली आहे, आणि गेली असेल तर पाठीवर गोल भोक दिसेल. भिंगाचे पैसे इथे वसूल होतात.

नशीब चांगले असेल तर पिवळ्या अंगावर निळसर-हिरवे पट्टे असलेला रंगीत नाकतोडाही रुईवर भेटतो. त्याला हाताळू नका. डिवचल्यावर तो, विशेषतः पिल्लू असताना, चिळकांडी मारतो आणि तीही रुईच्याच विषाची. लाल-काळे ढेकण्यासारखे किडे शेंगांभोवती असतील तर तेही त्याच घरचे. रुईवर राहणारा जवळजवळ प्रत्येक जण भडक रंगाचा का, याचे उत्तर आता सांगायला नको.

बाकीची मंडळी

घाणेरीकडे एकच प्रश्न घेऊन जा: फुलपाखरू सोंड कुठे घालते? तिच्या गुच्छातली फुले कडेकडून मध्याकडे उमलतात. ताजी फुले पिवळी, शिळी झालेली केशरी, लाल किंवा गुलाबी. रस असतो तो मुख्यतः पिवळ्यांत. लाल झालेली फुले झाडून टाकण्याऐवजी झाड ती ठेवते, त्यामुळे गुच्छ लांबून मोठा दिसतो. जवळ आलेल्याला मात्र कुठे वेळ घालवायचा नाही हेही रंगावरून समजते. दहा वेळा सोंड कुठे गेली ते लिहून काढा. हा प्रयोग मुलांनाही आवडतो.

एकदांडी, म्हणजेच दगडीपाला, पायाखाली असतो म्हणून दुर्लक्षित राहतो. त्याचे एक फूल म्हणजे प्रत्यक्षात फुलांचा मेळा: कडेची पांढरी, टोकाला दातेरी, आणि मध्ये पिवळ्या नळ्यांचा पुंजका. त्यावर बोटाच्या पेराएवढी निळी-करडी फुलपाखरे आणि छोट्या मधमाश्या येतात. इथे उभे राहून काही दिसत नाही. बसा.

तरवडाची पिवळी फुले आणि भुईरिंगणीची जांभळी फुले ही कानाने पाहायची फुले आहेत. दोघांचेही पुंकेसर नळीसारखे असतात आणि पराग टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतात. सुतारभुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी पुंकेसराला मिठी मारते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग अंगावर झाडून घेते. त्या क्षणी गुणगुण एकदम चढ्या पट्टीत जाते. फुलाजवळ शांत बसलात तर डोळे मिटूनही कळते की माशी उडते आहे की पराग झाडते आहे. मधमाशीला ही विद्या येत नाही. ती सांडलेले उचलते. तरवडाच्या पानातही एक गंमत आहे: पर्णिकांच्या जोड्यांमध्ये दांड्यावर छोट्या ग्रंथी असतात आणि त्यांतल्या गोडव्यासाठी मुंग्या दिवसभर फेऱ्या मारतात. फुले नसली तरी झाडावर राबता असतो तो यामुळे.

पिवळा धोतरा फुलला की मोहक दिसतो, पण त्याच्याजवळ मध नाही. तो फक्त पराग देतो. म्हणून मधमाश्या पायांवर पिवळे गोळे बांधताना दिसतील आणि फुलपाखरे बहुधा पाठ फिरवतील. आल्याच तर किती वेळ थांबतात ते बघा. पानांवरच्या पांढऱ्या शिरा, काटे आणि तोडल्यावर येणारा पिवळा चीक ही त्याची खूण.

पळस, पांगारा, काटेसावर यांच्यावर वेगळा लेख लागेल. ही मुख्यतः पाखरांची झाडे. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. मधमाश्यांच्या रंगदृष्टीवर मूलभूत काम करणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळाले. तरीही पळसाखाली पडलेल्या फुलांचा सडा चाळून पाहा, मुंग्या आणि भुंगेरे सापडतील.

किडा कोण, हे कसे ठरवावे

सुरुवातीला जातीचे नाव नको, घराणे पुरे. पाय मोजा. आठ असतील तर कोळी. फुलाच्याच रंगाचा, पुढच्या लांब पायांच्या दोन जोड्या पसरून बसलेला खेकडा कोळी अनेकदा मेलेल्या माशीमुळे लक्षात येतो: माशी हलत नसेल तर तिला कोणी धरले आहे का ते पाहा.

सहा पाय असतील तर पंखांकडे वळा. मधमाशीला चार पंख, माशीला दोन. काळे-पिवळे पट्टे मिरवणाऱ्या आणि हवेत एका जागी तरंगणाऱ्या हॉवरफ्लायला दोनच पंख, मोठे डोळे आणि अगदी आखूड मिशा. तिला डंख नसतो. नवशिके जिला मधमाशी समजतात त्यांतली बरीच ही असते. पाठीवर मधोमध सरळ रेघ असेल तर भुंगेरा. पाठीवर त्रिकोण आणि पंखांची फुली दिसत असेल, तोंडाला सोंडेची सुई असेल, तर तो ढेकणाच्या वर्गातला. कमर बारीक आणि अंग गुळगुळीत असेल तर गांधीलमाशी. केसाळ असेल तर मधमाशीच्या घराण्यातली. अपवाद निघतील, निघू द्या.

मधमाश्यांतही चौघी वेगळ्या काढता येतात. आग्या सर्वांत मोठी, सातेरी मध्यम, फुलोरी लहान आणि पोटाच्या सुरुवातीला तांबूस, तर पोयाची माशी इतकी बारीक आणि काळी की ती आधी चिलट वाटते. हिला डंखच नसतो.

तपकिरी फुलपाखरांनी गोंधळ उडेल. ईव्हनिंग ब्राऊनसारख्या काही जातींचे कोरड्या ऋतूतले रूप पावसाळी रूपाहून निराळे असते. पावसाळ्यात पंखांखाली ठळक डोळे, उन्हाळ्यात नुसता वाळक्या पानाचा रंग. पुस्तकातले चित्र जुळत नाही म्हणून नवी जात सापडल्याचा आनंद करू नका.

दहा मिनिटांची बैठक

चालणे कमी आणि बसणे जास्त, हे एकदा पटले की बाकी सोपे आहे. फुललेल्या झुडपाचा साधारण हातभर लांब-रुंद, म्हणजे पन्नास सेंटिमीटरचा चौकोन नजरेने आखा. किती फुले उघडी आहेत ते लिहा. मग घड्याळ लावून दहा मिनिटे त्या चौकोनात येणारा प्रत्येक पाहुणा घराण्यानुसार रेघेने नोंदवा: मधमाशी, भुंगा, फुलपाखरू, माशी, भुंगेरा, मुंगी, इतर. ब्रिटनमध्ये परागवाहक किड्यांची राष्ट्रीय पातळीवरची मोजणी याच दहा मिनिटांच्या आणि पन्नास सेंटिमीटरच्या मापाने होते, आणि ती करणारे बरेचसे हौशी लोकच असतात.

पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही. तुम्ही आल्यामुळे उडालेले परत यायला तेवढा वेळ लागतो. आपली सावली फुलावर पडणार नाही अशा बाजूला बसा आणि हालचाल करायचीच तर सावकाश करा. किड्याला रूपापेक्षा हालचाल लवकर दिसते.

एकही पाहुणा आला नाही तर शून्य लिहा. शून्य न लिहिणाऱ्याची वही पुढे निरुपयोगी ठरते.

नुसत्या पाहुण्यांची संख्या पुरत नाही. तो काय करतो तेही शब्दांत टिपा. सोंड घातली, पराग गोळा केले, नुसता बसला, दुसऱ्याला हाकलले, की फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध चोरला? लांब नळीच्या फुलांच्या तळाशी बारीक चिरा दिसल्या तर ते बहुधा सुतारभुंग्याचे काम असते.

जमीन विसरू नका

फुलांच्या नादात पायाखालचे निसटते. कडेच्या मऊ धुळीत, विशेषतः झाडाच्या किंवा मोरीच्या आडोशाला, नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतील. तळाशी अँटलायनची अळी जबडे उघडून पुरलेली असते. मुंगी काठावर आली की वाळू घसरते, अळी खालून वाळू उडवते आणि मुंगी तळाला जाते. गवताच्या काडीने काठावर दोन कण ढकला, वाळू उडेल. तेवढ्यावर थांबा. हीच अळी पुढे चतुरासारखी दिसणारी पंखवाली होते. मात्र तिच्या मिशा चांगल्या लांब आणि टोकाला जाड असतात, चतुराच्या जेमतेम दिसतात.

मोरीच्या भिंतीवर, मैलाच्या दगडामागे कुंभारीण माशीची मातीची बोळकी शोधा. तिने ओला चिखल कुठून आणला असेल, हे शोधत गेलात तर जवळचा शेवटचा ओलावा सापडतो, आणि तिथे दुपारी फुलपाखरे क्षार शोषत बसलेली असतात.

फोटो आणि नावे

किड्याचा फोटो काढण्याआधी झाडाचे काढा. पूर्ण झाड, फांदीवर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक ते, पानाची मागची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने, असेल तर शेंग किंवा फळ. फक्त सुंदर फुलाचा जवळून घेतलेला फोटो ओळखीसाठी बऱ्याचदा कुचकामी असतो, हे अनुभवी लोक सांगून थकले आहेत. किड्याचा एक फोटो वरून, एक बाजूने, शक्य झाल्यास चेहऱ्याचा. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडलेले, दोन्ही. धूसर असला तरी पहिला फोटो लांबूनच घ्या, मग पुढे सरका.

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकला की यंत्र नाव सुचवते आणि जाणकार ते तपासतात. यंत्राच्या सूचनेला सूचनाच माना. झाडाच्या बाबतीत ती बरेचदा जवळ जाते, छोट्या माश्या आणि माव्याच्या बाबतीत सपशेल चुकू शकते. ‘हॉवरफ्लाय, जात माहीत नाही’ ही नोंद चुकीच्या शास्त्रीय नावापेक्षा कितीतरी चांगली. एखादी दुर्मीळ वनस्पती सापडली असे वाटले तर नेमके ठिकाण जाहीर करू नका. तिथे ते झाकण्याची सोय असते.

वहीत प्रत्येक खेपेला तारीख, वेळ, आकाश, वारा, कोणती झाडे फुलली आणि कोणती सरली एवढे हवेच. ज्या तुकड्यात कोणीतरी गवत कापले किंवा जाळले, तो सोडून न देता तिथली नोंद चालू ठेवा. काळ्या पडलेल्या कडेवर आधी काय फुटते आणि त्यावर पहिला कोण येतो, हे फार थोड्या लोकांनी पाहिलेले असते.

वळवाची पहिली सर पडली की एक-दोन दिवसांत संध्याकाळी वाळवीचे पंखवाले जमिनीतून निघतील, आणि त्यांच्यामागे पाखरे, पाली, मुंग्या. कडेचे चित्र तिथून बदलत जाते, नवे कोंब येतात, भक्ष्य आणि भक्षक दोन्ही वाढतात. उन्हाळ्याच्या नोंदी त्या तारखेला थांबवून वहीत नवे पान उघडा, पण आखलेले चौकोन तेच ठेवा.